आईचा पासपोर्ट नावावरून अडकला, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी पाच बसून हात हलवत परत. कोणी यातून गेलंय का?

मुलुंडचा_धाकटा

नमस्कार मंडळी, लांबलचक लिहितोय त्याबद्दल आधीच सॉरी, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही. ज्यांना घाई आहे त्यांनी सरळ शेवटचा पॅरा वाचा.

ताईची तारीख नोव्हेंबरची आहे, ती जर्मनीत असते. बाळंतपणाला आई-बाबा जाणार हे ठरलं आणि मग उजेड पडला की दोघांकडे पासपोर्टच नाहीये. बाबा बेस्टमधून रिटायर झालेले, आई कायम घरी, दोघांचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे काशी यात्रा. म्हणून मीच एका रविवारी बसून दोघांचे फॉर्म भरले, फी भरली (साठीच्या वरच्यांना नव्या पासपोर्टला दहा टक्के सूट असते, १५०० चे १३५० झाले, बाबांना त्याचाच आनंद जास्त) आणि दोघांनाही एकाच दिवशी अपॉइंटमेंट मिळाली म्हणून मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घेतली. केंद्र कुठलं ते लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांची चूक होती असं मला अजून वाटत नाहीये. कोणाची होती हेच तर कळत नाहीये.

तर परवा, धो धो पाऊस. वेळ सव्वादहाची. आईने पहाटे उठून थालीपिठं लावली. मी म्हटलं अगं आता पूर्वीसारखं नाही राहिलं, सगळं कॉम्प्युटरवर असतं, दीड तासात बाहेर येऊ. म्हणाली, सरकारी काम आहे, डबा असू दे. कागदांची फाईल एका प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी अजून एका पिशवीत, आणि रिक्षातून उतरून गेटपर्यंत जाताना छत्री फाईलवर, आम्ही तिघं भिजलेले.

साडेनऊला पोचलो तर गेटवर सांगितलं पंधरा मिनिटं आधी सोडणार, त्याआधी नाही. ठीक. आत गेल्यावर टोकन मिळालं, बाबांचं ५१, आईचं ५२. ज्येष्ठ नागरिक म्हणून मला बरोबर सोडलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आत तीन टप्पे असतात, ए बी सी. ए ला कंपनीची पोरं-पोरी बसतात, फोटो काढायचा, बोटांचे ठसे घ्यायचे, कागद स्कॅन करायचे. बी ला सरकारी माणसं कागद तपासतात, सी ला मोठे साहेब मंजुरी देतात.

ए ला आईचे ठसेच उमटेनात. ती पोरगी बिचारी ओल्या टिश्यूने आईची बोटं पुसतेय, परत काचेवर ठेवतेय, स्वतःच्या हाताने वरून दाबतेय, मशीन आपलं लाल ते लालच. डावा अंगठा तर पाच वेळा. आई म्हणाली, अगं चाळीस वर्षं राखेने भांडी घासली, आत्ता आत्ता तो बार आला, रेषा उरल्या असतील तर येतील. ती पोरगी हसली आणि म्हणाली आजी थोडं तळव्याला चोळा गरम होऊ दे, आणि खरंच दोन मिनिटं चोळल्यावर आले. फोटोत मात्र आईचे डोळे असे मोठे आलेत की कोणीतरी दचकवलंय.

बी ला बाबा गेले, चार मिनिटांत झालं. मग आई. तिथल्या मॅडम कागद चाळता चाळता थांबल्या. आधार बघितलं, पॅन बघितलं, मग शाळा सोडल्याचा दाखला उचलला आणि आईकडे बघून विचारलं,

मावशी, कुसुम कोण?

आई म्हणाली, मीच.

मग वैशाली?

ती पण मीच.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मी तिथेच समजलो की थालीपिठांचा उपयोग होणार.

तर झालंय असं की आई माहेरची कुसुम. दाखल्यावर कुसुम, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. १९८४ ला लग्न झालं तेव्हा आपल्याकडे करतात तसं बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने वैशाली असं लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले, आणि त्या दिवसापासून आई वैशाली. रेशन कार्ड, मतदान कार्ड, आधार, पॅन, बँक, सगळीकडे वैशाली, बाबांचं नाव, आमचं आडनाव. म्हणजे नाव, मधलं नाव, आडनाव तिन्ही वेगळं. कुसुमची वैशाली झाली याचा पुरावा काय तर ते तांदूळ, आणि त्यांचा त्याच आठवड्यात भात झाला असेल.

मॅडमनी अगदी नीट समजावून सांगितलं, म्हणाल्या नुसतं आडनाव बदललं असतं तर बघता आलं असतं, इथे अख्खं माणूसच बदललंय, तुम्ही साहेबांना भेटा. आणि मग सुरू झालं खरं बसणं. बाराला आम्ही साहेबांच्या केबिनबाहेरच्या खुर्च्यांवर. बाबांचं सगळं आटपलं होतं त्यामुळे ते बाहेर, डबा त्यांच्याकडे, आणि एकदा बाहेर पडलं की परत आत घेत नाहीत, म्हणजे थालीपीठ गेटच्या त्या बाजूला आणि आई या बाजूला. आत चहा-समोशाचं काउंटर होतं पण आईचा गुरुवार, त्यामुळे दोन वेळा चहा, बस. समोरच्या स्क्रीनवर टिंग वाजलं की दर वेळी ती मान वर करायची, आपला नंबर तिथे येणार नाहीये हे मी तीनदा सांगूनही. शेजारी एक मुलगा होता दुबईला कामाला जाणारा, त्याचं वडिलांच्या नावातलं एक अक्षर अडकलं होतं. तो आणि आई दीड तास गप्पा मारत होते, आता आम्हाला त्याच्या बहिणीचं सासर कुठलं हेही माहितीये.

साहेबांनी सव्वाचारला बोलावलं. आरडाओरडा वगैरे काही नाही. फाईल होल्डवर टाकली, आणि लग्नानंतर पूर्ण नाव बदललंय याचा अधिकृत कागद घेऊन परत या म्हणाले. बाहेर आलो तर पाच वाजलेले, बाबा झेरॉक्सवाल्याच्या शेडखाली उभे, झेरॉक्सवाल्याने अर्धी थालीपिठं खाल्लेली. बाबांना सांगितलं काय झालं ते. म्हणाले, तेव्हा मला काय माहीत.

तर प्रश्न असे. आई-बाबांच्या लग्नाची नोंदणी कधी झालीच नाही, कोणी करायचं तेव्हा. आता ४० वर्षांनी होते का? का थेट गॅझेट करायचं (म्हणजे सरकारी राजपत्रात नाव बदलल्याचं छापून आणायचं)? आणि नोव्हेंबरच्या आधी हे सगळं आणि वर व्हिसा, जमेल का? बाबांचं मंजूर झालंय. ते एकटे जाऊन बाळंतपण करू शकतात असं ताईला सांगून बघितलं, तिने फोन ठेवला.

वसईची_वेलची

धाकट्या, कुसुम कोण वाचून हसू आलं आणि मग आमचं आठवून रडू आलं. सेम टू सेम माझ्या सासूबाईंचं. त्या माहेरच्या सुलभा, सासरच्या नंदिनी. आमचे सासरे त्या वेळी कादंबऱ्या वाचायचे त्याचा परिणाम.

लग्नाची नोंदणी ४० वर्षांनी होते, नक्की होते, घाबरू नका. नवरा किंवा बायको ज्या वॉर्डात राहतात तिथल्या वॉर्ड ऑफिसमध्ये करायची, नमुना ड म्हणून फॉर्म असतो. नवरा-बायको दोघांना प्रत्यक्ष जावं लागतं आणि तीन साक्षीदार लागतात त्यांच्या ओळखपत्रासकट. उशिरा करताय म्हणून थोडा दंड होतो, तो काही फार नसतो. खरी गंमत पुढे आहे. लग्नपत्रिका मागतात आणि त्या फॉर्मवर लग्न लावणाऱ्या भटजींची सही लागते. पत्रिका आमच्याकडे निघाली, सासूबाईंनी लोखंडी कपाटात साडीच्या घडीखाली ठेवली होती, वाळवीने फक्त गणपतीचा कोपरा खाल्ला होता. पण भटजी! ते जाऊन वीस वर्षं झालेली. मग आम्हाला प्रतिज्ञापत्र करायला सांगितलं, लग्न अमुक दिवशी अमुक ठिकाणी झालं, लावणारे गुरुजी हयात नाहीत वगैरे. साक्षीदार म्हणून सासऱ्यांचे दोन भाऊ आणि शेजारच्या काकू, तिघंही सत्तरीच्या पुढचे, तिघांना रिक्षातून चढवता उतरवता माझी कंबर गेली. तिथे एकेकाचा फोटो काढताना सासरे म्हणतात लग्नात एवढे फोटो नव्हते काढले.

पण एक लक्षात घ्या, आणि इथेच आम्ही फसलो. त्या सर्टिफिकेटवर बायकोचं नाव माहेरचंच येतं. सुलभाचं लग्न अमक्याशी झालं एवढंच त्यातून सिद्ध होतं. सुलभाची नंदिनी झाली हे त्यात कुठेच नाही. ज्यांचं फक्त आडनाव बदललं त्यांचं एवढ्यावर भागतं, आमचं नाही भागलं. मग गॅझेट करावंच लागलं. तेव्हा दोन्ही कामं धरून चाला.

गिरगावकर_आजोबा

माझा पहिला पासपोर्ट १९९१ चा. तेव्हा ऑफिस वरळीला होतं, अ‍ॅनी बेझंट रोडवर. पहिल्या बसने निघालो होतो, डबा घेऊनच, तेव्हा तुमच्या मातोश्रींचं बरोबर आहे. फॉर्म हाताने भरायचा, फोटो खळीने चिकटवायचे. मी इतका पुढे नंबर लावला आणि खिडकीशी गेल्यावर कळलं फोटोच घरी देव्हाऱ्यात राहिले, आईने पाया पडायला ठेवले होते. आता ते ऑफिस बीकेसीला विदेश भवनात गेलंय. नातवाबरोबर गेलो होतो, एसी इतका की मफलर हवा होता. बाकी तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही, वाचून बरं वाटलं म्हणून लिहिलं.

निवृत्त_कारकून

सर्वांचं वाचलं. मी पासपोर्ट खात्यात नव्हतो, महापालिकेत ३२ वर्षं काढली, पण कागदाचा वास ओळखतो. धाकटे, राग मानू नका, तुम्ही मुळात शाळा सोडल्याचा दाखला काढलातच का? कोणी मागितला होता?

मीच सांगतो का काढलात. फॉर्ममध्ये नॉन-ईसीआर विचारतात, तिथे दहावी पासचा पुरावा लागतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं, म्हणून तुम्ही दाखला जोडला. आता हे ईसीआर प्रकरण काय आहे ते समजून घ्या. १९८३ चा एमिग्रेशनचा, म्हणजे देशाबाहेर कामाला जाणाऱ्यांचा, कायदा आहे, आपले कामगार आखातात वगैरे जायचे, त्यांची फसवणूक होऊ नये म्हणून कमी शिकलेल्यांच्या पासपोर्टवर शिक्का असायचा, की हा माणूस ठरावीक देशांत नोकरीला जाणार असेल तर आधी तपासा. असे १८ देश आहेत, त्यात जर्मनी नाही, आणि तुमच्या मातोश्री नोकरीला जात नाहीयेत, नातवंड सांभाळायला जातायत (त्याला पगार नसतो). आणि सगळ्यात महत्त्वाचं, वयाची ५० वर्षं पूर्ण झाली की माणूस आपोआप नॉन-ईसीआरमध्ये बसतो, दहावी असो नसो. त्यांना तो दाखला लागतच नव्हता. जन्मतारखेला पॅन कार्ड चाललं असतं, १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांनाच फक्त जन्मदाखल्याची सक्ती आहे. पत्त्याला आधार. दोन्हीवर वैशाली. संपला विषय. कुसुम ट्रंकेतच राहिली असती.

जास्तीचा कागद कधी देऊ नये. खिडकीवर जेवढा मागतील तेवढाच.

लेखणीबहाद्दर

कारकूनसाहेब, ५० वर्षांचं आणि पॅनचं तुमचं बरोबर आहे, पण कुसुम ट्रंकेत राहिली असती हे काही पटलं नाही आणि लोक वाचून तसंच करतील म्हणून लिहितो.

फॉर्ममध्ये दोन प्रश्न सरळ सरळ असतात. एक, तुम्हाला दुसऱ्या कुठल्या नावाने ओळखतात किंवा ओळखायचे का. दोन, तुम्ही कधी नाव बदललंय का. दाखला जोडा नाहीतर नका जोडू, या दोन ठिकाणी हो लिहिणं भागच आहे. खाली सही करताना सगळी माहिती खरी आहे असं आपण लिहून देतो. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात कलम १२ आहे, माहिती दडवली तर तो गुन्हा आहे. आता कुसुम आजींना कोणी पकडायला येणार नाही हे मलाही कळतं, पण उद्या जर्मनीत राहायचं वाढलं, किंवा मुलीने आईसाठी काही कागद केले आणि तिथे मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव बघितलं, तर परदेशात बसून कुसुम कोण याचं उत्तर द्यायचं म्हणजे कठीण. इथे निदान मॅडम मावशी म्हणाल्या.

धाकट्या, एक विचारतो. त्या दोन प्रश्नांना तू काय उत्तर दिलं होतंस?

मुलुंडचा_धाकटा

…नाही. दोन्हीला नाही.

खरं सांगतो मनात सुद्धा आलं नाही. आई म्हणजे आई, तिचं नाव बदललंय असं कधी वाटलंच नाही. आडनावाचं सुद्धा नाही वाटलं! तो प्रश्न म्हणजे पिक्चरमध्ये असतं ना अमुक उर्फ तमुक, तसल्या लोकांसाठी असतो असं समजून मी टिक करून पुढे गेलो. म्हणजे त्या दिवशी मॅडमसमोर फॉर्म सांगत होता नाव कधी बदललं नाही आणि दाखला सांगत होता कुसुम. आता कळलं त्यांनी पेन का खाली ठेवलं. घरी हे सांगितलेलं नाही, बाबा अजून अपराधी चेहऱ्याने फिरतायत, फिरू देत दोन दिवस.

बोरिवली_स्लो

एवढं काय लांबण लावलंय, केंद्राबाहेर एजंट असतात, तीन-चार हजार फेका आणि घरी बसा. माझ्या मित्राने केलं.

वसईची_वेलची

स्लो भाऊ, एजंट जाऊन आजींच्या बोटांचे ठसे देणारे का? माणसाला स्वतःलाच जावं लागतं, एजंट फक्त तुमचाच फॉर्म तुमच्याच नावाने भरतो आणि तुमच्याच अपॉइंटमेंटचा कागद तुम्हाला विकतो. आणि गॅझेट, लग्नाचं सर्टिफिकेट हे सगळं लागणार ते लागणारच. माझ्या भाचीने तर गुगलवर जी पहिली साइट दिसली तिच्यावर फॉर्म भरला, पैसे भरले, आणि नंतर कळलं ती साइटच खोटी. सरकारी साइटच्या पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असतं, तेवढं बघूनच पैसे भरा, किंवा एमपासपोर्ट सेवाचं सरकारी अ‍ॅप आहे.

लेखणीबहाद्दर

गॅझेटचं सांगतो कारण मी स्वतः केलंय (माझं नाव शाळेत मास्तरांनी चुकीचं लावलं होतं, ती वेगळी कथा).

आता ऑनलाइन होतं. चर्नी रोडला शासकीय मुद्रणालय आहे ना, त्यांचीच साइट. जुनं नाव, नवं नाव, कारण, फोटो, आणि कारणाला पुरावा. कारण लग्न लिहिलं की लग्नाचा पुरावा मागतात, म्हणून वेलचीताई म्हणतात तो क्रम बरोबर, आधी वॉर्ड ऑफिस, मग गॅझेट, मग पासपोर्ट. राजपत्र गुरुवारी निघतं. छापून आलं की डाऊनलोड करून घ्यायचं, दोन-तीन रंगीत प्रिंट काढून ठेव.

फक्त हात जोडून एक विनंती, नाव भरताना आईला शेजारी बसव आणि आधार कार्ड समोर ठेव, आणि त्यावर इंग्रजीत जसं आहे तसंच अक्षर न अक्षर भर. वैशालीच्या शेवटी कोणी आय लावतं कोणी डबल ई. मधल्या नावाचं तर विचारूच नका, आपल्याकडे बापाचं नाहीतर नवऱ्याचं नाव मध्ये असतं आणि पासपोर्टच्या फॉर्मला मधलं नाव म्हणून वेगळा रकानाच नाही, नाव आणि आडनाव असे दोनच. मधलं नाव नावाच्याच रकान्यात बसवायचं. माझ्या एका मित्राने ते गाळलं, त्यामुळे पासपोर्टवर एक, बाकी सगळीकडे एक, आणि तिकीट काढताना दर वेळी बायकोला फोन करून विचारतो माझं नाव काय.

निवृत्त_कारकून

लेखणीबहाद्दर, मान्य. ते दोन प्रश्न मी विसरलो होतो. दाखल्याबद्दलचं माझं म्हणणं मात्र कायम आहे, लागत नसेल तर जोडू नये.

धाकटे, एक व्यवहाराचं. एकदा भरलेल्या फीवर एका वर्षात तीनच वेळा अपॉइंटमेंट घेता येते. सगळे कागद हातात आल्याशिवाय उगाच विचारून येऊ म्हणून जाऊ नका. आणि जाताना फॉर्ममधलं ते नाहीचं हो करायचं आहे हे स्वतःहून आधीच सांगा, त्यांनी शोधून काढायच्या आत.

मुलुंडचा_धाकटा

अपडेट देतो, बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं म्हणून.

लग्नाची नोंदणी झाली. पत्रिका सापडली नाही पण भटजी सापडले!! चिपळूणला, ८७ वर्षांचे, ठणठणीत. मामाने शोधून काढले. फोनवर आईला म्हणाले हो हो आठवतंय, तुमच्या लग्नात वरातीची बस बंद पडली होती. आई म्हणाली बस नव्हतीच, लग्न घराच्या अंगणात झालं. असो, सही मिळाली, मामा स्वतः फॉर्म घेऊन गेला आणि घेऊन आला. साक्षीदार म्हणून मामा, आत्या आणि बाबांचे डेपोतले मित्र. बाबांनी त्या दिवशी नवीन शर्ट घातला होता.

गॅझेट पण आलं. त्यात जुनं नाव कुसुम, नवं नाव वैशाली असं छापून आलंय आणि आई ती प्रिंट येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवतेय. शेजारच्या काकूंनी विचारलं आता तुम्हाला कुसुम म्हणायचं का.

परवा परत केंद्रावर गेलो. यावेळी डबा मी मागून घेतला, आणि आत जायच्या आधीच गेटबाहेर उभ्याने खाऊन घेतला आम्ही. मी जाताच कबूल केलं की फॉर्ममध्ये माझी चूक झालीय, त्यांनी दुरुस्त करून घेतलं. मागच्या वेळच्याच मॅडम नव्हत्या, त्यामुळे आईची जरा निराशा झाली, तिला त्यांना गॅझेट दाखवायचं होतं. एक तास दहा मिनिटांत बाहेर. मंजूर.

बाबांचा तर घरी येऊन पडलाय, स्पीड पोस्टने, नवा चिपवाला, पुढे खाली सोनेरी छोटं चिन्ह असतं तो. दोन वेळा काढून बघतात आणि परत पाकिटात ठेवतात. कारकूनकाका, बाबा म्हणतात पुस्तक नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापतात, आणि त्यांचा एक साडू तिथे होता, त्यामुळे त्यांना वाटतं त्यात थोडा आपलाही वाटा आहे.

आता आईचं पोलीस व्हेरिफिकेशन राहिलंय. काल चौकीतून फोन आला, घरी येणार आहेत, दोन शेजाऱ्यांचे आधार तयार ठेवा म्हणाले. आमच्या मजल्यावरचे दोघंही गणपतीला गावाला गेलेत, एक सावंतवाडी एक गुहागर, विसर्जनाशिवाय येत नाहीत. वरच्या मजल्यावरचे चालतात का? का त्याच मजल्यावरचे लागतात?

गिरगावकर_आजोबा

चालतात. आमच्या वेळी खालचा वाणी चालला होता.